भिंतीपलीकडचा भुसा

निवडणूक हरल्यावर कुणी देवाला जातं, कुणी अंथरूण धरतं. आमच्या घरात कटर मशीन आलं.

यजमानांचं नाव मी तोंडाने घेत नाही, पण लिहिताना अडचण नको म्हणून लिहिते: अर्जुनराव. गाव त्यांना आबा म्हणतं. पंधरा वर्षं ते सरपंच होते. आमचं गाव तलवाड्याच्या अलीकडे, फार मोठं नाही, पण सरपंचाला दिवसभर उभं ठेवण्याइतकं आहे. सोळाव्या वर्षी गावाने त्यांना घरी बसवलं. बसायची सवय नव्हती, म्हणून महिनाभर ते अंगणात उभेच राहिले. मग मोबाइलवर त्यांना एक परदेशी म्हातारा दिसला. तो घरामागच्या खोलीत एकटाच लाकूड कापत होता आणि त्याला कुणी मतं मागायला लावत नव्हतं. पंधरा दिवसांत संभाजीनगरहून टेम्पो आला.

लोखंडी टेबल, त्याला मधोमध चीर. बटन दाबलं की चिरेतून वर आलेली गोल करवत अशी फिरते की दात दिसेनासे होतात. जनावरं विकल्यावर रिकामा पडलेला गोठा झाडून घेतला आणि दारावर पाटी लावली, ‘कार्यशाळा’. पाटी आधी आणि काम मागाहून, ही त्यांची सरपंच असल्यापासूनची पद्धत. पहिल्या तीन महिन्यांत लिंबाचे आणि बाभळीचे पाटच पाट झाले. आमच्या घरात आता कुणाचेच गुडघे खाली बसू देत नाहीत. पाट भिंतीला टेकवून ठेवले, आल्या-गेल्याला दाखवायला.

पाटांपेक्षा जास्त निघाला तो भुसा. फळी चिरली की ओंजळभर भुसा खाली पडतो, तो दिसतो, झाडता येतो. त्याच्याबरोबर एक पिठासारखी भुकटी हवेत उठते, ती दिसत नाही. ती चहात सापडते, डाळीत सापडते, देवांच्या डोक्यावर सापडते. माझं मी सोसलं असतं. छबूला सोसेना.

छबूबाई ही माझी धाकटी जाऊ. दिरांना जाऊन बारा वर्षं झाली. अंगण एकच, मधे छातीएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ती. मी या घरात आले त्यानंतर दोन वर्षांनी ती आली. खळ्यावर ती तिवईवर उभी राहून सूप धरायची आणि मी खाली बसून ज्वारी ओढायची. पश्चिमेचा वारा सुटला की दाणे सरळ खाली यायचे, भूस जरा पुढे जायचं, आणि त्याहून हलकं जे असतं ते आमच्या दोघींच्या डोळ्यांत. मग आम्ही एकमेकींचे डोळे पदराने पुसायचो. आता खळी राहिली नाहीत, पण दुपारी आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना बसतो, डाळ निवडतो आणि बोलतो. माझी मुलं पुण्याला. दुपारी बोलायला मला तिच्याशिवाय कुणी नाही, आणि तिलाही.

एक सांगायला हवं. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भाया, आणि आमच्याकडे भायाशी धाकटी भावजय बोलत नाही. डोक्यावर पदर ओढून बाजूला होते. तोही तिच्या दारात पाय ठेवत नाही. निरोप असेल तर माझ्यामार्फत. एकावन्न वर्षं मी या दोघांच्या मधली तार आहे. ती दोन हातांवर उभी असते, हे दोन हातांवर, आणि तरी ती म्हणते, “आक्का, त्यांना सांगा, लाइट बिल आलंय.” हे म्हणतात, “तिला सांग, ऐकलं.”

हिवाळ्यात छबूचा खोकला वाढला. गेवराईच्या डॉक्टरांनी सांगितलं की छातीत दमा आहे, धुळीपासून दूर राहा. तिची मुलगी उज्ज्वला उमापूरला दिलेली आहे. ती आली, आईचा ओटा बोटाने पुसून बोट माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, “मोठी आई, मी महिनाभर बघते. भुसा थांबला न्हाई तर आईला घेऊन जाईन. कायमची.”

“तुझ्याकडं कुठं करमणार तिला?”

“करमायला श्वास तर चालला पाहिजे.”

संध्याकाळी मी अर्जुनरावांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी त्यांच्यापुढे कुणी प्रश्न मांडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर ‘धूळ निर्मूलन समिती’ची बैठक झाली. अध्यक्ष अर्जुनराव. उपाध्यक्ष बंकट, जो पंधरा वर्षं यांच्या मागे चालत आला आणि सरपंचकी गेल्यावरही थांबायला विसरला. बाकीचे तिघे चहासाठी. मी म्हटलं, “अहो, गोठ्याला मागच्या बाजूनं खिडकी पाडा, मशीन तिच्याजवळ सरकवा, निम्मी धूळ शेतात जाईल.”

“असं एकदम काम करता येत न्हाई,” अर्जुनराव म्हणाले. “आधी अभ्यास लागतो.”

अभ्यासासाठी पाच जण जीपने बीडला गेले. तिथे एका फर्निचरच्या कारखान्यात धूळ ओढून घेणारी यंत्रणा आहे असं बंकटला कळलं होतं. सकाळी गेले ते दिवे लागायच्या वेळेला आले. अंगाला मटणाच्या रश्श्याचा वास होता.

“काय बघितलं?” मी विचारलं.

“लई भारी मशीन हाय,” बंकट म्हणाला. “एवढा मोठा पंखा, असा पायप. भुसा सरळ पिशवीत.”

“पिशवी कशाची होती?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “पिशवी बघायची राहिली,” अर्जुनराव म्हणाले, “पण फोटो काढलाय.” फोटोत पाच जण हार घालून ओळीने उभे होते. मशीन त्यांच्यामागे होतं, त्यामुळे दिसत नव्हतं.

काम शिवशंकरकडे दिलं. तलवाड्याला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. हात चांगला, तोंड जरा सुटं. त्याने बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधला एक पंखा आणला. तो चालू केल्यावर कोंबड्या दोन दिवस अंगणात आल्या नाहीत. शिवशंकरने मशीनभोवती फिरून पाहिलं, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, “आबा, हे खालून समदं उघडं हाय, खाटल्यासारखं. आधी पत्रा मारून बंद करू. मग मागून सरळ पायप काढू शेताकडं. चार हात पायपाचं काम हाय.”

“मागून?” अर्जुनराव म्हणाले. “मागून काढला तर दिसंल कोणाला?”

“दिसायला कावून पाहिजे?”

“उद्या माणसं बघायला येणार. पायप दर्शनी पाहिजे. दारावरून घे.”

शिवशंकरने पाइप दारावरून घेतला. दारावर गणपतीचं चित्र होतं, त्याला वळसा घालून. मग पाटीला वळसा घालून. मग पत्र्याच्या कडेने भिंतीकडे. प्रत्येक वळणाला एक एल्बो, कोपरासारखा वाकडा जोड. सातवा एल्बो बसवताना तो शिडीवरून ओरडला, “आबा, वाघासारखा पंखा हाय, पण इतक्या वळणांनी त्याचा दम मोडतोय. भुसा मधीच बसंल.”

“रंग दे त्याला,” अर्जुनराव म्हणाले. पाइपला भगवा रंग दिला.

खालून पत्रा मारायचं मात्र राहिलं. पत्रा खाली असतो, फोटोत येत नाही.

शेवटी पोत्याचा प्रश्न आला. भुसा गोळा व्हायला पाइपच्या टोकाला युरियाचं रिकामं पोतं बांधायचं होतं. समोर पोतं लोंबतंय हे बरं दिसेना. अर्जुनरावांनी इकडे तिकडे पाहिलं आणि पाइपाचं टोक भिंतीवरून पलीकडे सोडायला सांगितलं.

“अहो, पलीकडं छबू राहते,” मी म्हटलं.

“पोत्यात बंद राहणार हाय ना भुसा? तिला काय त्रास?” ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. बारा वर्षांत त्यांनी ती भिंत पलीकडून पाहिली नव्हती. त्यांच्या लेखी जग त्या भिंतीशी संपत होतं, आणि जिथे जग संपतं तिथे पोतं टांगायला हरकत नसते.

उद्घाटनाला विजयसिंह आले. या भागात ते पुढे मोठे होणार असं सगळे म्हणतात, तेही म्हणतात. फ्लेक्स लागला. त्यात विजयसिंह मोठे, अर्जुनराव मध्यम आणि मशीन कोपऱ्यात. खाली अक्षरं, ‘तालुक्यातील पहिली शंभर टक्के धूळमुक्त कार्यशाळा’. मी पहाटेपासून गोठा तीनदा धुतला होता, कारण बाहेरचं माणूस येणार म्हटल्यावर आमच्यासारख्या बायकांना दुसरं काही सुचत नाही. नारळ मशीनच्या लोखंडी टेबलावरच फोडला. पाणी मीच पुसलं, नाहीतर गंज धरला असता.

बंकटने बाभळीची एक फळी हातात धरून हळूच विचारलं, “साहेब, चिरून दाखवायची का?”

विजयसिंहांनी स्वतःच्या कपड्यांकडे पाहिलं. कडक इस्त्रीचे, पांढरेशुभ्र. त्यांच्याबरोबरचा माणूस पुढे झाला. “फळीबिळी नको. साहेबांना इथून लग्नाला जायचंय.”

तेव्हा फळी बाजूला ठेवली आणि नुसता पंखा चालू केला. पंखा गरजला. विजयसिंहांनी टेबलावरून बोट फिरवलं आणि वर करून सगळ्यांना दाखवलं. स्वच्छ. “एक कण नाही!” ते म्हणाले. टाळ्या झाल्या. बोटाचा फोटो निघाला. मग भाषणात ते म्हणाले की असा प्रयोग गावोगाव झाला पाहिजे, आणि अर्जुनरावांचा अनुभव फुकट जाता कामा नये. अर्जुनरावांचे डोळे पाणावले. फेटा जरा घट्ट बांधला होता, तेही असेल.

दुपारी भिंतीपलीकडून छबू म्हणाली, “आक्का, आज खरंच भुसा न्हाई आला बरं का.”

“आज लाकूडच न्हाई कापलं,” मी म्हटलं.

ती हसली आणि हसता हसता खोकत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून लाकूड कापलं जाऊ लागलं. मशीन खालून उघडंच होतं, त्यामुळे जड भुसा पूर्वीसारखा गोठ्यात खाली पडायचा. हलकी भुकटी मात्र पंखा इमानदारीने ओढून घ्यायचा आणि सात वळणं काढून पोत्यात न्यायचा. युरियाचं पोतं विणलेलं असतं. ते भुशाला अडवतं, पिठाला अडवत नाही. पूर्वी ती भुकटी आमच्या दोन्ही घरांत वाटून पडायची. आता सगळी छबूच्या वाट्याला आली. मी भिंतीवरून डोकावले तर पोतं गाभण शेळीच्या पोटासारखं फुगलेलं, आणि त्याच्या अंगातून पिवळट धूर निघतोय. तिच्या शेवग्याचा पाला पिवळा, ओटा पिवळा, वाळत घातलेलं लुगडं पिवळं. छबू दार लावून आत बसलेली.

मी अर्जुनरावांना सांगितलं. ते म्हणाले, “शक्य न्हाई. उद्घाटन झालंय.”

“उद्घाटनाला लाकूड कुठं कापलं होतं?”

“ते बघ, झालेलं काम झालं. त्याला आता लगेच हात लावता येत न्हाई. लोक काय म्हणतील?”

“मग छबूचा खोकला?”

त्यावर समितीची दुसरी बैठक झाली. कार्यशाळा धूळमुक्त आहे हे ठरलेलं होतं, तेव्हा खोकल्याला दुसरं कारण शोधणं भाग होतं. बंकट म्हणाला, वय झालं की खोकला असतोच. एकजण म्हणाला, शेळ्यांच्या केसांनी होतो; छबूकडे शेळ्या नाहीत असं मी म्हटल्यावर तो म्हणाला, शेजारच्यांच्या असतील. शेवटी अर्जुनरावांनी निर्णय दिला, “चुलीचा धूर. तिला सांग, चूल बंद कर.”

मी चहाचे कप उचलता उचलता म्हटलं, “नऊ वर्षं झाली तिच्याकडं गॅस येऊन.”

“आँ? कधी आला?”

मी कप घेऊन आत गेले. निरोप पोचवला नाही. एकावन्न वर्षांत पहिल्यांदा.

महिना संपला. रविवारी सकाळी दहाला उज्ज्वला गाडी घेऊन आली. छबूची एक पिशवी, औषधांचा डबा, एक वळकटी, एवढंच सामान बाहेर आलं. एवढ्या वर्षांच्या संसाराने गाडीची डिकी अर्धीसुद्धा भरली नाही. मी भिंतीला धरून उभी होते. रडू येत होतं, पण गोठ्यात मशीन चालू होतं आणि त्या आवाजात रडणं म्हणजे नुसतं तोंड वाकडं करणं.

शिवशंकर त्याची शिडी न्यायला आला होता, तोही थबकला.

छबू गाडीकडे निघाली. मग थांबली. मग वळली, आणि आमच्या फाटकातून आत येऊन सरळ गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. पदर कपाळाच्या खाली ओढलेला. अर्जुनरावांनी तिला पाहिलं आणि रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड केलं. शिवशंकरने चटकन पुढे होऊन बटन बंद केलं.

“आबा,” छबू म्हणाली.

मला वाटलं, माझ्याच कानांत काहीतरी झालं. बंकटच्या हातातला चहा सांडला.

“आबा, मी चालले. जायच्या आधी एकदा माझ्या दारात येऊन उभं ऱ्हावा. हितं फळी चिरायला लावा, आन् तिथं उभं ऱ्हावा. बास.”

अर्जुनरावांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी तेच वाक्य पुन्हा म्हणावं, म्हणजे आपल्याला ऐकू येईल, अशी ते वाट पाहत राहिले. मी छबूकडे पाहिलं. शेवटी ते म्हणाले, “शिवशंकर, फळी घे.”

आणि ते पलीकडे गेले. भावाच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा. मी मागून गेले. दारात उभं राहून त्यांनी आतला गॅस पाहिला, मग पिवळा शेवगा पाहिला, मग आपलीच भिंत पाहिली, पाठीमागून. पोतं अंगठ्याएवढ्या दोरीने बांधलेलं होतं. अलीकडे शिवशंकरने बाभळीची फळी करवतीला लावली. पोतं फुगलं आणि धूर सुटला. दुसरी फळी झाली. तिसरीला त्यांच्या टोपीचा रंग बदलला. चौथीला खोकल्याने ते वाकले ते वाकलेच. छबूने पाण्याचा तांब्या आणून ओट्यावर ठेवला, हातात दिला नाही.

पाणी पिऊन त्यांनी विचारलं, “हे रोजचं?” विचारलं माझ्याकडे बघून.

“रोजचं,” उत्तर छबूने दिलं. “सकाळी दहा ते एक, आन् चार ते सा.”

“मग मला कावून न्हाई सांगितलं?” आता ते तिच्याकडे बघत होते, म्हणजे तिच्या पायांकडे.

“तुमच्याशी बोलायचंच न्हवतं. सांगू कसं?”

पंधरा वर्षं सभा जिंकलेल्या माणसाने टोपी काढून झटकली. ते उठून अलीकडे आले आणि शिवशंकरला म्हणाले, “काढ समदं.”

“आबा,” बंकट घाईने म्हणाला, “साहेबांनी उद्घाटन केलेलं हाय. काढता कसं येईल?”

“तू आधी पलीकडं जाऊन उभा ऱ्हा,” अर्जुनराव म्हणाले. बंकट गेला नाही, त्याने शिडी धरली.

शिवशंकरने त्याच दिवशी काम उरकलं. सातही एल्बो उतरवले. दोन तर आतून भुशाने गच्च भरले होते. मशीनच्या खाली चारी बाजूंनी पत्रा मारून एकच भोक ठेवलं. त्या भोकातून सरळ, दंडाएवढा जाड पाइप मागच्या भिंतीतून शेताकडे काढला. मधे झाकणाचं एक पिंप बसवलं, म्हणजे जड भुसा तिथेच खाली पडेल. राहिलेल्या भुकटीसाठी जाड कापडाची पिशवी हवी होती. मी गादीची जुनी खोळ काढली. छबूने सुई घेतली. उज्ज्वला गाडीत बसून घड्याळ बघत होती, आणि तिची आई आमच्या ओट्यावर बसून पिशवी शिवत होती. गादीचं कापड इतकं घट्ट की सुई ढकलायला दोघींचे अंगठे लागले.

चार वाजता छबू आपला ओटा धुऊन-पुसून दारात उभी राहिली. “चिरा,” ती तिकडून म्हणाली. पाच फळ्या चिरल्या. करवतीच्या वरून थोडी भुकटी उडालीच. ती अर्जुनरावांच्या मिशीवर बसली. पण भिंतीपलीकडे काही गेलं नाही. छबूने ओटा पुसला, बोट पाहिलं, मुलीला दाखवलं आणि वळकटी परत आत नेली.

“आठ दिवसांनी येते,” उज्ज्वला म्हणाली. “खोकला असाच असला तर ऐकणार न्हाई.”

खोकला गेलेला नाही, पण रात्रीची झोप लागते तिला. उज्ज्वला दोनदा येऊन तपासून गेली. पाट होणं मात्र जवळजवळ थांबलं आहे. छबूचं तोंड एकदा उघडलं ते उघडलंच. नव्वद साली हौद बांधताना उतार तिच्या दाराकडे ठेवला ते, दिरांच्या वेळचा बैल विचारल्याशिवाय विकला ते, तिच्या लग्नात अर्जुनराव जेवणावळीत म्हणाले होते की नवरी काळी आहे ते, सगळं ती आता भिंतीवर हात ठेवून त्यांनाच सांगते, रोज थोडं थोडं. मशीन चालू असलं की तिचं नीट ऐकू येत नाही. त्यामुळे अर्जुनराव बटन बंद करतात आणि फळी हातात धरून उभे राहतात.